कोणत्या कामाचा वेग?

स्वतःची छोटी स्क्रिप्टिंग भाषा घडवणे ही आता मोठ्या प्रयोगशाळांची मिरास राहिलेली नाही. रॉबर्ट नायस्ट्रॉम यांचे ‘क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स’ २०२१ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्याचा सगळा मजकूर आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. लॉक्स नावाची एकच भाषा त्यात दोनदा घडवली आहे, एकदा जावामध्ये आणि एकदा सीमध्ये. मुंबईच्या आयआयटीतले धनंजय ढमढेरे यांची सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरची पाठ्यपुस्तके महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कितीतरी तुकड्यांच्या हाताखालून गेली आहेत. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून चालू आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. तेव्हा वरोऱ्याच्या किंवा देसाईगंजच्या एखाद्या विद्यार्थिनीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपला इंटरप्रिटर लिहिला तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल पुढे सुरू होते. इंटरप्रिटर चालू लागला की पहिला प्रश्न तो किती बरोबर चालतो हा असायला हवा. विचारला जातो तो मात्र किती वेगाने चालतो हा. त्याचे उत्तर देण्याची ठरलेली रीतही आहे. फिबोनाची संख्या काढणारे चार ओळींचे फंक्शन लिहायचे, ते दोन इंटरप्रिटरांवर चालवायचे आणि घड्याळ लावायचे. या लेखाचे म्हणणे असे की अशा मापनातून निघालेला आकडा खरा असूनही जवळजवळ निरुपयोगी असतो. वेग हा इंटरप्रिटरच्या अंगचा गुण नाही. इंटरप्रिटरची रचना, तो ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र आणि त्याला दिलेले काम या तिघांच्या जुळणीतून तो ठरतो. यंत्र बहुधा आपल्या हातात नसते, रचना एकदा पक्की झाली की सहज बदलत नाही. उरते काम. ते निवडताना तुलना करणाऱ्याची पारख कळते, आणि ते निवडायला या दोन जिल्ह्यांत उत्तम साहित्य पडले आहे.

आधी फिबोनाचीचे काय चुकते ते पाहू. पस्तिसावी संख्या काढताना ते फंक्शन स्वतःला २ कोटी ९८ लाख ६० हजार ७०३ वेळा बोलावते. प्रत्येक वेळी एक तुलना आणि फार तर दोन वजाबाक्या, एक बेरीज, बस्स. म्हणजे मोजला जातो तो फंक्शन बोलावण्याचा खर्च आणि थोडेसे पूर्णांकांचे गणित. आता घरी लिहिलेले इंटरप्रिटर साधारण दोन जातींचे असतात. पहिली जात स्रोत वाचून त्याचा सिंटॅक्स ट्री बनवते आणि चालवताना त्या झाडाच्या फांदीफांदीवर चढउतार करते; झाडाच्या गाठी स्मृतीत इतस्ततः विखुरलेल्या असल्याने प्रोसेसरची कॅश वारंवार हुकते. दुसरी जात त्याच झाडाला सपाट करून लहान लहान आज्ञांची रांग, म्हणजे बाइटकोड, तयार करते आणि एका घट्ट वळणात (लूपमध्ये) त्या आज्ञा पार पाडते. रूबी भाषेने १.८ आवृत्तीपर्यंत पहिली रीत ठेवली आणि २००७ च्या १.९ मध्ये कोइची ससादा यांचे बाइटकोड यंत्र घेतले. फिबोनाचीवर दुसरी जात पहिलीला सहसा सहज मागे टाकते. इथपर्यंत तक्रार नाही. अडचण पुढची आहे : या एकाच कसोटीवर जिंकायचे ठरवले की लिहिणारा आपली सगळी शक्ती फंक्शन बोलावण्याच्या खर्चावर लावतो. त्याच इंटरप्रिटरमध्ये मजकूर जोडणे, शब्दकोशासारखी टेबले चाळणे, टाकाऊ स्मृती गोळा करणे या गोष्टी कितीही कच्च्या असल्या तरी फिबोनाचीला त्याचा पत्ता लागत नाही.

ही चूक नवी नाही. घरगुती संगणकांच्या पहिल्या लाटेत, १९७७ च्या जूनमध्ये, टॉम रग आणि फिल फेल्डमन यांनी ‘किलोबॉड’ मासिकात बेसिक भाषेच्या निरनिराळ्या इंटरप्रिटरांचे वेग सात छोट्या कार्यक्रमांवर मोजून छापले. त्यांतला पहिला कार्यक्रम म्हणजे एक ते हजार मोजणारे रिकामे वळण. पुढच्या प्रत्येकात थोडी थोडी भर. ब्रिटनच्या ‘पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्ड’ने ते उचलले, आठवा कार्यक्रम जोडला, आणि पुढची काही वर्षे कोणताही नवा संगणक आला की त्याच्या परीक्षणात हे आकडे ठरलेले असत. त्या सात कार्यक्रमांचे गुण मान्य केले पाहिजेत. ते लहान होते, कुणालाही टंकून घेता येत, आणि एकातून दुसरा वजा केला की नेमक्या कोणत्या क्रियेला किती वेळ लागला हे कळे. पण तेच कार्यक्रम सगळीकडे जसेच्या तसे चालवल्याने एखाद्या भाषेची खरी ताकद झाकली जाई. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बीबीसी बेसिकमध्ये टक्केचिन्ह लावलेली पूर्णांक चले साध्या चलांपेक्षा बरीच जलद चालत. कसोटीचे कार्यक्रम मात्र साधी चलेच वापरत. तरीही बीबीसी बेसिक त्या तक्त्यांत वर राहिली, हा भाग वेगळा. मुद्दा असा की जमाखर्चासाठी, पत्त्यांच्या याद्यांसाठी संगणक घेणाऱ्या माणसाला रिकामे वळण किती लवकर संपते हे कळत होते आणि त्याची यादी किती वेळात लागेल हे कळत नव्हते.

मग कसोटीचे काम आणायचे कुठून? गडचिरोलीत त्यासाठी लांब जायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकण्याचा हक्क प्रत्यक्षात आला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपाने स्वतः गोळा करून स्वतः विकू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे गोणीमागे ७०,००० पाने. हंगामात फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, रोज कोणत्या कुटुंबाने किती पुडे आणले याची नोंद होते, त्यावरून मजुरी निघते, पुढे विक्रीच्या पैशांचे वाटप होते. हा हिशेब स्क्रिप्टकडून करून घ्यायचा तर काम कसे होईल? नोंदींची फाइल ओळीओळीने वाचणे, प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडणे, नाव शोधून त्याच्या खात्यात पुडे मिळवणे, शेवटी नावे क्रमाने लावून अहवाल छापणे. यात फंक्शन बोलावण्याचा खर्च क्षुल्लक आहे. वेळ जातो तो नव्या स्ट्रिंग तयार करण्यात, त्यांचा हॅश काढण्यात, स्मृती मागण्यात आणि परत करण्यात. एकच उदाहरण देतो. अहवाल जुळवताना प्रत्येक नवी ओळ आधीच्या मजकुराला अधिकचिन्हाने जोडली, आणि इंटरप्रिटर दर वेळी आधीचा सगळा मजकूर नव्या जागी उतरवून घेत असेल, तर ५० बाइटांच्या १०,००० ओळींचा ५ लाख बाइटांचा अहवाल तयार होईपर्यंत एकूण २५० कोटी बाइट इकडून तिकडे हलतात. फिबोनाचीत पहिला आलेला इंटरप्रिटर इथे धापा टाकू शकतो, आणि तिथे रेंगाळलेला, पण मजकुराचे तुकडे एकत्र ठेवून शेवटी एकदाच जोडणारा, इथे आरामात पुढे निघू शकतो. चंद्रपूरच्या बाजूला दुसरे काम आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १,७०० चौरस किलोमीटरहून मोठा; तिथे वाघांची गणना कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून होते. फाइलींची नावे आणि वेळा वाचून ठिकाणाप्रमाणे, तासाप्रमाणे लावायच्या, तर त्यात क्रमवारीचा भाग मोठा असतो. क्रम लावताना तुलनेचे फंक्शन लाखो वेळा बोलावले जाते, म्हणजे फिबोनाचीने जे मोजले ते इथे थोडेफार उपयोगी पडते. थोडेफारच.

तेंदूच्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि माझ्या मते वेगाच्या सगळ्या चर्चेत तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. नोंदी देवनागरीत असतात. ‘गडचिरोली’ आणि ‘चंद्रपूर’ ही दोन्ही नावे युनिकोडच्या हिशेबात प्रत्येकी आठ चिन्हांची आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी २४ बाइट घेतात. वाचणाऱ्याला मात्र पहिल्यात पाच अक्षरे दिसतात आणि दुसऱ्यात चार. आता दोन इंटरप्रिटरांना या नावांची लांबी विचारा. एक २४ हे उत्तर तत्क्षणी देईल, कारण ती संख्या त्याच्याजवळ लिहूनच ठेवलेली आहे. दुसरा युनिकोडची कोष्टके चाळून पाच आणि चार म्हणेल, आणि त्याला कितीतरी जास्त वेळ लागेल. घड्याळ पहिल्याला बक्षीस देईल. अहवालात नावांचे रकाने सरळ लागायचे असतील तर पहिल्याचे उत्तर टाकाऊ आहे. क्रमवारीचेही तेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे बसवले आहे, मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. नुसते बाइट ताडून लावलेली यादी झटपट लागते आणि चुकीची लागते. गोंडीत नोंदी ठेवायच्या म्हटले तर प्रश्न आणखी एक पायरी चढतो : मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ मध्ये आली आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये, आणि दोन्हींचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेते. ‘एक चिन्ह म्हणजे दोन बाइट’ असे धरून चाललेला इंटरप्रिटर इथे मधोमध तुटतो. पायथनने २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगमधल्या सर्वांत मोठ्या चिन्हानुसार एक, दोन किंवा चार बाइटांची मांडणी निवडायला सुरुवात केली, ती याच पेचावरची तडजोड आहे. तिची किंमत वेळेत आणि स्मृतीत मोजावी लागते. म्हणून उत्तरे जुळतात की नाही हे आधी तपासल्याशिवाय दोन इंटरप्रिटरांचे वेग शेजारी मांडणे गैर. कमी काम करणारा लवकर घरी जातो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. खऱ्या कामात शंभर गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. वेळ कमी-जास्त झाला तर कशामुळे झाला हे कळणार कसे? छोटी कसोटी निदान एकच गोष्ट मोजते. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर छोट्या कसोट्या फेकून देण्यात नाही. खऱ्या कामातून निदान सुरू व्हावे आणि छोट्या कसोटीने ते पक्के व्हावे, हा क्रम उलटा होऊ नये एवढेच म्हणणे आहे. क्रम उलटा झाला की काय होते त्याचा नमुना बाइटकोडच्या वळणाबद्दलच्या लोकसमजुतीत दिसतो. आज्ञा वाचून योग्य ठिकाणी उडी मारण्यासाठी सीमधले साधे स्विच वापरावे की प्रत्येक आज्ञेच्या शेवटी स्वतंत्र उडी ठेवावी, यावर विद्यार्थी तासन् तास वाद घालतात. एर्टल आणि ग्रेग यांनी २००३ मध्ये दाखवले होते की त्या काळच्या प्रोसेसरांवर स्विचच्या उडीचा अंदाज ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळा चुकत असे, आणि स्वतंत्र उड्यांनी तो बराच सुधारे. सल्ला योग्य होता, त्या यंत्रांसाठी. रोऊ, स्वामी आणि सेझनेक यांनी २०१५ मध्ये इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर तेच पुन्हा मोजले तेव्हा उडीचा अंदाज इतका सुधारलेला आढळला की या फरकाला फारसे महत्त्वच उरले नव्हते. लोकसमजुतीवर विसंबू नका असे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच बजावले. दोन्ही निबंध खरे आहेत. मधल्या बारा वर्षांत यंत्र बदलले. जुना सल्ला पाठ करून आपल्या वळणावर महिनाभर खपणाऱ्याने आधी तेंदूच्या हिशेबात त्या वळणाचा वाटा किती हे पाहिले असते, तर बहुधा त्याने तो महिना हॅश टेबलावर घालवला असता. रचनेचे खरे मोठे फरकही असेच कामाच्या संदर्भात वाचावे लागतात. स्टॅकऐवजी रजिस्टरांवर चालणाऱ्या रचनेत पार पाडाव्या लागणाऱ्या आज्ञा सरासरी ४७ टक्क्यांनी घटतात आणि कोड सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो, असे २००५ च्या एका नावाजलेल्या अभ्यासात आढळले. जिथे बहुतेक वेळ आज्ञांच्या आत, म्हणजे स्ट्रिंग आणि टेबलांत जातो, तिथे आज्ञांची संख्या घटल्याचा लाभ पातळ होतो.

तुलनेला दुसरी बाजू लागते, आणि ती बाजू भरवशाची असावी लागते. गडचिरोलीला हे सांगायची गरज पडू नये. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरच्या नवजात बाळांच्या सेवेचा जो प्रयोग इथल्या खेड्यांत केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले हे त्याचे फलित जगभर मानले गेले, कारण सेवा दिलेल्या ३९ गावांच्या शेजारी सेवा न दिलेल्या ४७ गावांतही तीच मोजणी चालू होती आणि प्रयोग सुरू होण्याआधीचे आकडेही हाताशी होते. ती ४७ गावे नसती, तर घट सेवेमुळे झाली की एरवीही झालीच असती, हे कुणीही ठामपणे सांगू शकले नसते. इंटरप्रिटरांच्या जगात अशी शिस्त किती दुर्मीळ आहे याचा पुरावा २०२५ मध्ये खुद्द पायथनने दिला. पायथनचा मुख्य इंटरप्रिटर टेल-कॉल पद्धतीने पुन्हा बांधला गेला आणि सरासरी दहा टक्के किंवा त्याहून अधिक वेग वाढल्याचे जाहीर झाले. नंतर नेल्सन एल्हेज यांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा निघाले ते असे : ज्या जुन्या इंटरप्रिटरशी तुलना केली होती, तोच, ज्या कंपायलरने तो बांधला त्याच्या १९ व्या आवृत्तीतल्या एका दोषामुळे मंदावला होता. निरोगी पायाशी ताडले तर वाढ पाच टक्क्यांच्या आत उरली. काम करणारे तज्ज्ञ होते, मोजण्याची साधने उत्तम होती, हेतूत खोट नव्हती. पाया आजारी होता आणि तो आजारी असल्याची शंकाच कुणाला आली नव्हती. आपला इंटरप्रिटर काल होता त्यापेक्षा आज दुप्पट झाला असे म्हणताना कालचा किती अकारण संथ होता हे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांत असते. घरी लिहिलेल्या इंटरप्रिटरांत तर पहिल्या आवृत्तीइतका सोयीस्कर प्रतिस्पर्धी दुसरा नाही. म्हणून शेजारी एखादा परका, स्थिरावलेला इंटरप्रिटर कायम ठेवावा. त्याला हरवता येईल असे नाही, पण त्याचा आकडा अचानक बदलला तर आपल्या यंत्रात किंवा कंपायलरमध्ये काही बिघडले आहे हे लगेच कळेल.

यंत्राची गोष्ट निघालीच आहे तर चंद्रपूरचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला ठोका कमी करतो. पहिला इंटरप्रिटर थंड प्रोसेसरवर मोजला आणि दुसरा तापलेल्यावर, तर दुसऱ्याचा दोष नसताना तो हरतो. वीज जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला तरी तसेच होते. यावर उपाय स्वस्त आहे : एकाच्या सगळ्या फेऱ्या उरकून दुसऱ्याकडे न वळता दोघांच्या फेऱ्या आलटूनपालटून घ्याव्यात, सर्वांत कमी वेळेबरोबर वेळांचा पसाराही लिहावा. तापमानाचे निदान कारण तरी दिसते. टॉड मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की युनिक्सच्या पर्यावरण-चलांचा नुसता आकार बदलला, किंवा फाइली जोडण्याचा क्रम बदलला, तरी त्याच कार्यक्रमाचा वेग इतका हलतो की एखादी सुधारणा फायद्याची की तोट्याची हा निष्कर्षच उलटू शकतो. पर्यावरण-चलांत वापरणाऱ्याचे नावही असते. म्हणजे लांब नावाच्या विद्यार्थ्याला आणि आखूड नावाच्या विद्यार्थिनीला त्याच यंत्रावर वेगळे आकडे मिळू शकतात! तीन-चार टक्क्यांच्या फरकावर जयघोष करणाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचावा.

‘शेवटी एकच आकडा सांगा, कोण वेगवान?’ असा हट्ट तरीही होतो. समजा एक इंटरप्रिटर तेंदूचा हिशेब २ सेकंदांत आणि छायाचित्रांची क्रमवारी १० सेकंदांत करतो, दुसरा अनुक्रमे ४ आणि ५ सेकंदांत. बेरीज केली तर १२ विरुद्ध ९, दुसरा जिंकला. गुणोत्तरांची भूमितीय सरासरी काढली तर दोघे अगदी बरोबरीत. हिशेब रोज आणि क्रमवारी महिन्यातून एकदा करायची असेल तर पहिलाच बरा. गणितात यातले एकही उत्तर चुकीचे नाही. कोणते काम किती वेळा करायचे हे माणसाने सांगितल्याशिवाय गणित निवाडा करू शकत नाही, आणि ते सांगणे म्हणजेच पुन्हा कामाची निवड.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. आजचे संगणक इतके जलद आहेत की एका गावाचा हिशेब कोणत्याही इंटरप्रिटरवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होईल. मग ही उठाठेव कशाला? गाव एक आणि हंगाम एक असेल तर हे मान्य. पण व्यवहारी माणूस ज्याला वेग म्हणतो त्यात एक भाग तो मोजतच नाही. लहान लहान स्क्रिप्ट शेकडो फाइलींवर एकेक करून चालवल्या जातात तेव्हा खर्च काम करण्याचा कमी आणि इंटरप्रिटर उभा राहण्याचा जास्त असतो. पायथन सुरू होतानाच कितीतरी मोड्यूल भरून घेतो. लुआसारखा छोटा इंटरप्रिटर जवळजवळ लगेच हजर होतो आणि त्याच्या सगळ्या प्रमाण लायब्रऱ्यांसह ३०० किलोबाइटांच्या आत बसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे दर पावसाळ्याचे आहे. तिथल्या जुन्या यंत्रावर काहीही उतरवून न घेता चालणारा, एका फाइलीत मावणारा इंटरप्रिटर फिबोनाचीत तिप्पट संथ असला तरी उपयोगात वेगवानच ठरेल. फक्त ते मोजायचे तर आरंभाचा वेळ आणि लागणारी स्मृती हे दोन रकाने तक्त्यात असायला हवेत. बहुतेक तक्त्यांत ते नसतात.

राहिला सर्वांत कडवा आक्षेप : पायथन आहे, लुआ आहे, मग घरचा इंटरप्रिटर हवाच कशाला, आणि त्यांचे वेग ताडत बसण्यात तरी काय हशील? शिकण्यासाठी, हे उत्तर खरे आहे पण अपुरे. लुआचा स्वतःचा इतिहासच अधिक चांगले उत्तर देतो. ती १९९३ मध्ये रिओ द जनेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुसालिमस्की, वाल्देमार सेलेस आणि लुईझ एन्रिके दी फिगेरेदो या तिघांनी घडवली. संगणकाच्या आयातीवर ब्राझीलमध्ये आदली काही वर्षे कडक निर्बंध होते, बाहेरचे सॉफ्टवेअर सहज मिळत नव्हते, आणि पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या अभियंत्यांना माहिती भरण्याची आणि अहवाल आखण्याची साधी भाषा हवी होती. त्यासाठी आधी दोन छोट्या भाषा झाल्या, त्यांतून लुआ निघाली. तिला वेग आला तोही कामाकडे बघूनच. लुआत माहिती ठेवायला टेबल हा एकच प्रकार आहे, आणि लोक टेबले बहुतेक वेळा एक, दोन, तीन अशा क्रमांकांनी भरतात हे कर्त्यांना वापरातून दिसत होते. तेव्हा २००३ च्या ५.० आवृत्तीत रजिस्टरांवर चालणारे नवे यंत्र आले त्याच वेळी टेबलाचा एक भाग आतल्या आत सरळ ॲरे म्हणून साठवला जाऊ लागला. क्रमांकांनी भरलेल्या टेबलात हॅश काढण्याचा खर्च गेला, चाव्या साठवायची जागाही वाचली, आणि वापरणाऱ्यांना आपल्या स्क्रिप्टमधली एक ओळही बदलावी लागली नाही.